बँकॉकला जरा चांगलं हॉटेल घ्यायचं ठरवलंत, तेव्हा ते कशावरून निवडलंत? (अनुभव धागा)

खाडीकाठ

काल माळ्यावरची खोकी उतरवली. एका खोक्यात बाबांचे काळे बूट निघाले, अजून नवेकोरे. 2019 मध्ये दादरला घेतले होते, फक्त एका संध्याकाळच्या चहासाठी. बूट हातात धरून तिथेच बसून राहिले, म्हणून हा धागा.

बाबा मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये ऑइलर होते. 1979 साली त्यांचं जहाज तांदूळ भरायला बँकॉकच्या ख्लोंग तोई बंदरात लागलं. भरती येईपर्यंत नदीच्या मुखाशी थांबायचं, मग नदीतली वाट दाखवणारा पायलट चढायचा आणि जहाज चाओ फ्राया नदीतून आत शिरायचं. हे आम्ही शंभरदा ऐकलंय. एका सुट्टीच्या दिवशी ते प्रवासी बोटीने नदीतून वर गेले आणि त्यांना काठावरचं ओरिएंटल हॉटेल दिसलं. हिरवळ, पांढरी टेबलं, चहा पिणारी माणसं. "तिथे एकदा बसून चहा घ्यायचा होता," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

पंचाहत्तरीला मी आणि भावाने ठरवलं, न्यायचंच. पण आम्ही सहा जण, तीन खोल्या, चार रात्री. ओरिएंटलचे दर झेपणारे नव्हते. मग तिथे एकच रात्र राहायचं, की चार रात्री नदीवरच्याच दुसऱ्या चांगल्या हॉटेलात राहून तिथे नुसता चहा घ्यायचा, यावर घरात आठवडाभर चर्चा. वहिनीचं म्हणणं शहरातल्या सुखुमवित रस्त्यावर राहू, मेट्रो खाली, मॉल खाली. तेही चूक नव्हतं. शेवटी मी एकच प्रश्न विचारला: बाबा साडेचारला उठतात, सगळे उठेपर्यंत ते कुठे बसणार?

त्यावरून हॉटेल ठरलं. नदीकडची खोली, वरचा मजला, खिडकीशी खुर्ची. रोज पहाटे एकेका टगबोटीमागे तीनतीन चारचार बार्जेसची माळ जायची आणि बाबा भरलेलं कुठलं, रिकामं कुठलं ते पाण्यावरून सांगायचे. मी चारही दिवस त्यांच्यासोबत उठले. इतकं बोलले नव्हते ते आयुष्यात.

आणि चहा झाला. चप्पल चालणार नाही असं फोनवर कळलं होतं, म्हणून ते बूट. ओरिएंटल 1876 पासूनचं. जोसेफ कॉनराड हा लेखक आधी जहाजावर होता, 1888 मध्ये 'ओटागो' जहाजाचा ताबा घ्यायला बँकॉकला आला होता, आणि त्याचं नाव या हॉटेलाने जपलंय, असं मी वाचून गेले होते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपल्यातलाच की."

आता पुतणी नोव्हेंबरात नवऱ्याबरोबर निघालीय. नदी की सुखुमवित, विचारतेय. तुम्ही कशावरून ठरवलंत, ते लिहा.

पिंपळपान

डोळे भरून आले गं. बाबांना नमस्कार सांग.

तिघांचीआई

आम्ही सुखुमवित, असोक स्टेशन. मुलं 4, 7 आणि 11. हॉटेल पुलानेच स्टेशनला जोडलेलं, रस्ता ओलांडायचाच नाही. बीटीएस (पुलावरची मेट्रो) वर, एमआरटी (भुयारी मेट्रो) खाली, समोर मॉल. धाकट्याला दुपारी झोप लागते, वीस मिनिटांत खोलीवर परत येता यायचं. आधी नदीवरचंच बघत होते, फोटो सुंदर. पण नदीकाठच्या बऱ्याच हॉटेलांतून बाहेर पडायचं तर हॉटेलची बोट, मग सफान टाक्सिन स्टेशन, मग ट्रेन. येताना तेच उलटं, कडेवर झोपलेलं मूल. लहान मुलं असतील तर स्टेशनला चिकटून असलेलं घ्या. प्लोएन चित स्टेशनला ओकुरा, चित लोम स्टेशनला ग्रँड हयात एरावान, ही पण अशीच पुलाने जोडलेली आहेत.

पुतणीला मुलं नाहीत ना अजून? मग नदी. डोळे झाकून नदी.

हिशेबनीस

दर बघताना पुढे दोन अधिकचिन्हं आहेत का बघा. त्याला तिथे 'प्लस प्लस' म्हणतात. म्हणजे 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर 7 टक्के व्हॅट. 8000 बाटची खोली 9416 ला पडते. चार रात्रींचे 5664 बाट जास्त. हॉटेलातल्या जेवणाच्या कार्डावरही तेच. आम्ही दोन हॉटेलांची तुलना केली होती, त्यात एकाचा दर सगळं धरून होता आणि दुसऱ्याचा नव्हता. स्वस्त वाटलेलं महाग निघालं.

अनामत रक्कम पण धरतात कार्डावर. क्रेडिट कार्डच द्या. मी डेबिट कार्ड दिलं होतं, पैसे परत यायला तीन आठवडे लागले, तोवर घरी हप्ता चुकतो की काय अशी वेळ.

मोगरावेणी

@हिशेबनीस तीन आठवडे?? कुठलं हॉटेल?

हिशेबनीस

नाव नको. नंतर चौकशी केली तर उशीर बँकेच्या बाजूनेही झाला होता म्हणे.

दोनडबे

खाण्याचं कोणी लिहिलं नाही अजून. आम्ही कांदालसूणही न खाणारे, सासूबाई तर बाहेरचं पाणीही विचार करून पितात. मी हॉटेल निवडलं ते सकाळच्या न्याहारीवरून. चार ठिकाणी मेल केला, "इडली, डोसा, उपमा रोज असतो का, आणि त्याचा तवा वेगळा का?" दोघांनी नीट उत्तर दिलं, एकाने शेफचं उत्तर पाठवलं. तेच घेतलं. तिथे आपल्याकडची लग्नं खूप होतात, त्यामुळे मोठ्या हॉटेलांना हे प्रश्न नवीन नाहीत, बिनधास्त विचारा.

बाहेर खाताना: थाई भाषेत शाकाहाराला 'मांगसविरत' म्हणतात, म्हणजे आपलं मांस-विरती! सासूबाईंना हे कळल्यावर त्या प्रत्येक दुकानात तोच शब्द. पण त्यात अंडं येऊ शकतं. 'जे' म्हणा, पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असतात, त्यात मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, आणि कांदालसूणही नाही. नाहीतर नाम प्ला, म्हणजे माशाचा रस, जवळपास सगळ्यात पडतो. साध्या भाजीतसुद्धा.

आडवाटेचा

नाम प्लाशिवाय सोम तम (कच्च्या पपईची कोशिंबीर) म्हणजे कोकमाशिवाय सोलकढी. असो, ज्याचं त्याचं. मँगोस्टीन मात्र सगळ्यांनी खा. ड्युरियन खोलीवर नेऊ नका, बऱ्याच हॉटेलांत दारावरच मनाईचं चित्र असतं.

दोनडबे

@आडवाटेचा 😄 कोकमाचं पटलं. मँगोस्टीन आणि कोकम एकाच कुळातले, माहितीय ना?

आडवाटेचा

माहीत नव्हतं! आगळ करून बघायला हवं सालीचं.

हळूचालणारी

माझा अनुभव जरा वेगळा. आई व्हीलचेअरवर. मी नदीचं हॉटेल नक्की केलं आणि नशीब, पैसे भरायच्या आधी फोन केला. खोलीपर्यंत सगळं सपाट, पण बोटीचा धक्का तरंगता. लाटेबरोबर वर-खाली होतो आणि धक्का आणि बोट यांत फट पडते. तिथले लोक उचलून घेतात, प्रेमाने घेतात, पण आईला उचलून घेतलेलं आवडत नाही. तो तिचा मान आहे.

मग सिलोम रस्त्याच्या टोकाला, लुंफिनी बागेजवळचं हॉटेल घेतलं. विचारलेले प्रश्न इथे देते, कोणाला लागले तर: न्हाणीघरात टब आहे की सपाट शॉवर? दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये किती? पलंगाची उंची? गाडी दाराशी येते तिथे पायरी आहे का? जवळच्या स्टेशनला लिफ्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूला? शेवटचा फार महत्त्वाचा, कारण लिफ्ट पलीकडे असली तर चार मार्गिका ओलांडाव्या लागतात. 'अपंगांसाठी खोली उपलब्ध' एवढ्या एका ओळीवर विसंबू नका. मी त्यांच्याकडून न्हाणीघराचा फोटो मागवला होता.

आई रोज सकाळी लुंफिनीत घोरपडी बघायची. हातहातभर लांब, माणसांच्या शेजारून चालतात.

पिंपळपान

@हळूचालणारी हे प्रश्न लिहून घेतले. सासऱ्यांना घेऊन जायचंय. फार उपयोगाचं.

तिघांचीआई

हातभर नाही हो, आम्ही पाहिली ती माणसाएवढी होती!

जुनादिवा

लुंफिनीचा विषय निघाला म्हणून. समोरच्या कोपऱ्यावर डुसित थानी. 1970 मध्ये सुरू झालं, वर सोनेरी कळस. 1994 साली कंपनीच्या कामाने गेलो होतो, हिच्यासह. तेव्हा बीटीएसही नव्हती, ती 5 डिसेंबर 1999 ला आली. चौकातून विमानतळावर जायला अडीच तास लागले होते, ही घाबरून स्तोत्र म्हणत होती. 2019 च्या जानेवारीत ते जुनं हॉटेल बंद झालं, बातमी वाचून दोघंही गप्प बसलो. 2024 मध्ये त्याच जागी नवीन उघडलं. लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस तिथे केला. जुना कळस नव्यात जपून ठेवलाय. हॉटेल कशावरून निवडलं म्हणाल तर, तरुणपणी एकमेकांना जिथे पाहिलं होतं तिथे परत बसायचं होतं.

मोगरावेणी

काका, किती छान लिहिलंत!

एकटीप्रवासी

कामासाठी वर्षातून दोनदा. एकटीच. माझा नियम: स्टेशनपासून हॉटेलच्या दारापर्यंतचं अंतर नकाशावर मोजायचं आणि तो रस्ता रात्री नऊचा डोळ्यांसमोर आणायचा. तिथे मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला 'सोय' म्हणतात, काही सोय किलोमीटरभर लांब. हॉटेल 'सुखुमवितवर' लिहितात आणि असतं सोयच्या पार शेवटी. काही हॉटेलं सोयच्या तोंडापर्यंत स्वतःची टुकटुक ठेवतात, ती किती वाजेपर्यंत हे विचारा. नाना स्टेशनच्या आसपासच्या काही गल्ल्या रात्री मला नको वाटतात. माझं ठरलेलं प्लोएन चित.

मुंबईहून रात्रीची विमानं पहाटे उतरतात. चारेक तासांचा प्रवास, वर घड्याळ दीड तास पुढे. खोली मिळते दुपारी दोन-तीनला. नवीन जोडप्याने पहिला दिवस लॉबीत पेंगत घालवू नये. एकतर आदल्या रात्रीचं बुकिंग करा, नाहीतर हॉटेलला पोहण्याच्या तलावाशेजारी आंघोळीची, कपडे बदलायची सोय आहे का विचारा. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत असते.

नवीसदस्य

पट्टायाला जावं की नाही? कोणी सांगेल का

आडवाटेचा

@नवीसदस्य वेगळा धागा काढा, येतो तिथे.

झेंडूफुल

आमचं एरावानजवळचं हॉटेल आईने निवडलं. तिथे चौकात चतुर्मुख ब्रह्मदेव आहे. 1950 च्या दशकात तिथलं हॉटेल बांधताना एकामागून एक विघ्नं येत होती, म्हणून ज्योतिषाच्या सल्ल्याने 1956 मध्ये ही मूर्ती बसवली. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात, तिथे भर चौकात झेंडूच्या माळा, उदबत्त्या, नाचणाऱ्या मुली. आई रोज सकाळी दसऱ्यासारखी माळ घेऊन. जवळच सेंट्रलवर्ल्डसमोर गणपती आणि त्रिमूर्ती. संकष्टी तिथेच झाली आमची! चंद्रोदय कितीचा यावर मात्र गोंधळ, घरून पंचांगाचा फोटो मागवला तर तो मुंबईचा.

दोनडबे

अय्या मग उपास कधी सोडला?

झेंडूफुल

चंद्र दिसल्यावर 😊 तलावाच्या गच्चीवरून दिसला.

मोगरावेणी

आमचा एक चुकलेला निर्णय. तलाव, विसाव्या मजल्यावरचा, फोटो पाहून घेतलं. गेलो तर शेजारी इमारतीचं काम, सकाळी आठपासून ड्रिलिंग, तलावात धूळ. कोणी सांगितलं नव्हतं. बुकिंगच्या आधी अगदी अलीकडच्या दोन महिन्यांतले पाहुण्यांचे फोटो बघा, हॉटेलचे नाही. आणि 'आसपास बांधकाम चालू आहे का' हे लेखी विचारा. लेखी उत्तर हातात असतं तर आम्हाला खोली बदलून मागता आली असती. लग्नाचा दहावा वाढदिवस होता, अजून वाईट वाटतं.

एकटीप्रवासी

@मोगरावेणी अरेरे. बँकॉकमध्ये हे खरंच होतं. मी तर वरचा मजला मागताना 'रस्त्यापासून आणि बांधकामापासून लांब' असंच लिहिते.

हिशेबनीस

अजून एक. 1 मे 2025 पासून आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, उतरण्याआधीच्या तीन दिवसांत. त्यात राहण्याचा पत्ता लागतो. म्हणजे हॉटेल आधी पक्कं हवं. फॉर्म फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

तिघांचीआई

पुतणी नोव्हेंबरात म्हणजे लोय क्राथोंग गाठता येईल का बघा. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासच असतं. पानाफुलांच्या द्रोणात दिवे लावून नदीत सोडतात. त्या रात्री नदीवरच्या हॉटेलांचे दर चढतात, कुठे कुठे जेवणही सक्तीचं असतं, पण तेवढ्यासाठी एक रात्र नदी घ्यावी.

गलबत

@खाडीकाठ धागा आत्ता पाहिला, भाजी गॅसवर आहे म्हणून थोडक्यात. माझेही वडील जहाजावर होते, डेकवर. ख्लोंग तोई हे नाव घरातल्या माणसासारखं होतं आमच्याकडे. आईला तिथून आणलेला कागदी पंखा अजून आहे. बाबा 2011 ला गेले. मी त्यांना कुठे नेलं नाही. तुमचं वाचून बरं वाटलं, खरंच. कोणत्या कंपनीत होते बाबा?

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. बाबांना संपूर्ण धागा वाचून दाखवला, आवाज वाढवून, दोनदा. हळूचालणारींचे प्रश्न ऐकून म्हणाले, बाई शिस्तीची आहे.

पुतणीचं ठरलं: लोय क्राथोंगची धरून दोन रात्री नदीवर, पुढच्या तीन प्लोएन चितला. आदल्या रात्रीचं बुकिंगही केलं, एकटीप्रवासी यांचं ऐकून. आणि ओरिएंटलला चहा. तिने आजोबांना विचारलं, तुमच्यासाठी काय आणू? म्हणाले, पहाटे पाचला उठून एका बार्जचा व्हिडिओ काढ, आवाजासकट.

@गलबत कंपनीचं खाजगी निरोपातून कळवते. बाबा विचारतायत, तुमच्या वडिलांच्या जहाजावर सारंग (खलाशांचा म्होरक्या) हर्णैचा होता का?

गलबत

हर्णैचाच! त्यांना विचारा, तो रोज संध्याकाळी भजन म्हणायचा तोच का?

खाडीकाठ

थांबा, बाबा जेवतायत. उठले की विचारते.