मदत हवी आहे : काकांची दारू सोडवायला ॲडमिट कुठे करावं?

मंडळी, काका वेंगुर्ल्यात असतात, वय 54. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी घेतात, हल्ली सकाळीही लागते. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालंय. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, जीजीटीही वाढलेलं. कावीळ नाही, पोटात पाणी नाही, शुगर नॉर्मल, बीपीची गोळी चालू.

गणपतीत त्यांनी स्वतःहून एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपबशी हातात धरवेना, चहा लुंगीवर सांडला. दरदरून घाम, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी घरच्यांनीच थोडी दिली तेव्हा थरथर थांबली. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावरही बेततं, हे नंतर डॉक्टरांनी समजावलं. म्हणून 'मनावर घेतलं की सुटते' हा सल्ला कृपया नको, मनावर त्यांनी घेतलंच होतं. जेवणातून गुपचूप द्यायच्या पावडरीही सुचवू नका, लिव्हर आधीच बिघडलंय.

डॉक्टरांनी थायमिन (व्हिटॅमिन बी1) सुरू केलंय, पण दारू बंद करायची ती देखरेखीखालीच, असं बजावलंय. काका तयार आहेत. मुंबईला नेणं जमणार नाही, सोबतीला फक्त काकी.

ओरोस, सावंतवाडी किंवा गोव्यात बांबोळीला यासाठी कुणी आपलं माणूस ॲडमिट केलंय का? आधी फिजिशियनला दाखवायचं की थेट मानसोपचारतज्ज्ञांना, आणि साधारण किती दिवस ठेवून घेतात?