‘नेम्ड पाइप’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: दोन प्रोसेसचं (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचं) आपसात बोलणं नेम्ड पाइपवरून करून देणाऱ्या एका सॉफ्टवेअर लायब्ररीची माहितीपुस्तिका मराठीत करतोय. ‘नामांकित नळी’ लिहिलं, पण वाचताना माझं मलाच हसू येतंय.

प्रतिसाद: येणारच! नामांकित वकील, नामांकित गवई, तशी ही नावाजलेली नळी. ‘नळी’ मात्र बदलू नका. ‘नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे’ ही म्हण वाया गेलेल्या उपदेशाची, पण पाइपला अगदी चपखल बसते. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप १९७३ साली आला. त्याची कल्पना मांडणाऱ्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ च्या टिपणात बागेला पाणी घालायच्या नळीचीच उपमा दिली होती.

प्रतिसाद: मग ‘नामधारी नळी’?

प्रतिसाद: नामधारी म्हणजे नावापुरती. गंमत अशी की फाइल म्हणून ती खरोखरच नावापुरती असते. लिनक्सवर ‘एमकेफिफो’ कमांडने एक बनवा आणि फाइली दाखवणाऱ्या ‘एलएस’ची सविस्तर यादी बघा: ओळीच्या सुरुवातीला ‘पी’, आकार ०. तिच्यातून कितीही मजकूर वाहून गेला तरी आकार ०च. पण नळीचं काम ती चोख करते, तेव्हा हा शब्द तिच्यावर अन्याय करणारा.

मी सरळ ‘नावाची नळी’ म्हणेन, आणि साध्या पाइपला ‘निनावी नळी’. निनावी नळी एरवी एकाच घरातल्या, म्हणजे आई-लेकरू किंवा भावंडं असलेल्या प्रोसेसपुरती. नाव असलं की एकमेकींना न ओळखणाऱ्या प्रोसेसही तिच्या दोन तोंडांशी येऊन बसतात. वाक्यातही बसतं: “‘हिशोब’ नावाची नळी उघडा.”

प्रतिसाद: विंडोजवर ती दोन्ही दिशांनी वाहणारीही असते, तेव्हा ‘पन्हळ’ वगैरे कुणी सुचवू नये. शिवाय तिथे शेवटचं हँडल (प्रोसेसची उघड्या नळीवरची पकड) बंद झालं की नळी नावासकट जाते. युनिक्सवर नाव पुसेपर्यंत राहतं.

विचारणा: आणि ‘ब्लॉक होणे’? वाचणारी प्रोसेस नळी उघडते आणि लिहिणारी येईपर्यंत थांबून राहते. मी ‘अडकते’ लिहिलंय.

प्रतिसाद: ‘अडकते’ वाचलं की माणूस बिघाड शोधत बसेल. ‘खोळंबते’ लिहा. खोळंबलेल्याला कुणाची तरी वाट असते.

विचारणा: खोळंबते घेतलं. ‘प्रोसेस’ तशीच ठेवतोय. ‘प्रक्रिया खोळंबली’ म्हटलं की सरकारी भरतीची बातमी वाटते.