मदत हवी: पाझर तलावाला लागून प्लॉटिंग सुरू झालंय, आणि आमचीच घरं गुंठेवारीत. तक्रार करायची कशी?

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या हद्दवाढ भागात राहतो. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे वाचाल तेव्हा कळेल.

वस्तीच्या मागे बहात्तरच्या दुष्काळी कामावर बांधलेला पाझर तलाव आहे, पाणी जमिनीत मुरावं म्हणून केलेला. मातीचा बांध, एका अंगाला सांडवा, सांडव्याखालून ओढा. पाऊस बरा झाला तर संक्रांत उलटेपर्यंत पाणी टिकतं, मग ते हटेल तसतशी उघड्या पडलेल्या गाळात लोक गाळपेर करतात. कडेला पाणकणीस माजलंय. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, शराटी उतरतात, एखाद्या वर्षी चित्रबलाकही. हिप्परगा किंवा कंबर तलावासारखं नाव नाही याला, म्हणून पक्षीवालेही फारसे फिरकत नाहीत.

दिवाळीनंतर तिथे फलक लागला. ‘तलावदर्शनी’ प्लॉट आणि तीन इमारती. फोन नंबर हातभर मोठा, रेराचा (गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर कुठेच नाही. मागोमाग हायवाने मुरूम पडायला लागला, तोही बरोबर सांडव्याच्या अंगाला. ओढ्यात दोन सिमेंटचे पाइप टाकून वरून रस्ता केलाय. पाइप एवढेच की शेरडू वाकून आत जाईल. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला, तेव्हा आमच्या गल्लीत पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. आणि तेव्हा ओढा मोकळा होता!

दुसरी काळजी बोअरची. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, बाकी सगळी भिस्त बोअरवर. तळं भरलं तर बोअर मेपर्यंत ओढतं. नाही भरलं तर फेब्रुवारीतच टँकरवाल्याच्या मागे लागायचं.

आम्ही पाच-सहा जण साइटवर बोलायला गेलो. तिथला माणूस गोडच बोलला. “काका, हे मानवनिर्मित तळं आहे, याला पाणथळीचा कायदा लागत नाही.” आणि निघताना हळूच, “तुमच्या घरांचं एनए (बिगरशेती) झालंय का हो?”

तिथेच आमची गाडी अडली. आमची गल्ली गुंठेवारीतली, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची. काहींनी नियमितीकरणाचे अर्ज केलेत, काहींनी केलेले नाहीत. अर्ध्या गल्लीचं म्हणणं, गप्प बसा, उगाच आपल्यावर शेकेल. वर त्यांचा रस्ता आणि ड्रेनेज आलं तर आपल्याही जागेला भाव येईल. ते अगदीच चूक बोलतात असंही नाही. घरं बांधू नका असं माझंही म्हणणं नाही. तळं आणि ओढा बुजवू नका, एवढंच.

तर पाणथळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको, हा नियम आमच्या तळ्याला लागू होतो का? पहिला अर्ज कुठे द्यायचा? आणि गुंठेवारीवाल्याने तक्रार केली तर ती ऐकली जाते का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

—

बांधकाठ:
काका, तो माणूस अर्धं खरं बोलला. ५० मीटरची अट २०१७ च्या पाणथळ नियमांत आहे, पण ते नियम रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय यादीतल्या पाणथळी) आणि शासनाने अधिसूचित केलेल्या पाणथळी यांना लागतात. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यातून वगळलेत. पाझर तलाव भूजलासाठी असतो, थेट सिंचनासाठी नाही, असा युक्तिवाद करता येतो. इस्रोच्या नकाशासंग्रहातल्या सव्वादोन हेक्टरांवरच्या पाणथळी जपण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेशही आहे, त्यात तुमचं तळं आहे का ते बघा. पण सगळा डाव यावर लावू नका.

माझ्या मते खरी मेख जमिनीत आहे. दुष्काळी कामांच्या वेळी बुडीत क्षेत्र संपादित झालं, मोबदला गेला, आणि सातबाऱ्यावर नाव मात्र जुन्या मालकाचंच राहिलं, असं पुष्कळ ठिकाणी झालंय. मग नातवंडं तीच जमीन विकतात. म्हणून आधी त्या गटाचे जुने फेरफार, गट नकाशा आणि भूसंपादनाचा निवाडा (जमीन घेतल्याचा आणि मोबदल्याचा आदेश) काढा. तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारेकडे आहे की जलसंधारण विभागाकडे, ते माहिती अधिकारात विचारा. १० रुपयांचं काम, उत्तराला ३० दिवस. संपादित जमिनीत मुरूम पडला असेल तर तक्रारदार तुम्ही राहतच नाही, तो विभाग होतो.

महापालिकेच्या नगररचना विभागाकडे मंजूर लेआउटची प्रत मागा. नकाशात ओढा दाखवलाय का, आणि दाखवला असेल तर पाइपला परवानगी कुणी दिली, एवढंच विचारा. जमीन ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर रेरा नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही, त्या फलकाचा फोटो काढून ठेवा. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते.

भरावाचे तारखेसह फोटो आजपासूनच काढा. पुण्याला हरित लवादाकडे जायची वेळ आली तर वाद सुरू झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते.

गुंठेवारीचं म्हणाल तर तक्रार करायला एनए लागत नाही. पण मोजणी आली की ओढ्यापासून तुमच्या भिंतीही मोजल्या जाणार, हे धरूनच चला. ज्यांची घरं ३१ डिसेंबर २०२० च्या आधीची आहेत त्यांनी नियमितीकरणाचे अर्ज आधी टाकून घ्यावेत.

भय्या चौक:
तुम्ही गुंठ्यात घरं बांधली तेव्हा तिथं पक्षी नव्हते काय? तुमचं झालं, आता दुसऱ्यानं बांधू नये. हे बरंय की.

धागाकर्ता:
@भय्या चौक, टोमणा मान्य. पण मी काही सांडवा बुजवून घर बांधलेलं नाही. उद्या तळं फुगलं तर पाणी त्या नव्या प्लॉटवाल्यांच्याच घरात आधी जाणार. त्यांना ‘तलावदर्शन’ म्हणून विकताना हे कुणी सांगणार आहे का?

@बांधकाठ, खूप आभार. जमिनीचं डोक्यातच आलं नव्हतं. गल्लीतले एक आजोबा त्या बांधावर मजुरीला होते, ते सांगतात की पाणी पार बाभळीच्या रांगेपर्यंत यायचं. मुरूम त्याच्या आत पडलाय. एक शंका: एवढा जुना निवाडा तलाठ्याकडे मिळेल का?

बांधकाठ:
तलाठ्याकडे फेरफार बघा. निवाड्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाची भूसंपादन शाखा, तिथे नाही म्हणाले तर अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. अर्जात गट नंबरासोबत गावाचं जुनं नाव आणि तलावाचं नाव दोन्ही लिहा, नाहीतर ‘आढळून येत नाही’ असा शिक्का मारून परत देतात. आणि आजोबांचा जबाब साध्या कागदावर आत्ताच लिहून सही घ्या.