स्थलांतरित आफ्रिकी माणसाची गोष्ट सांगायला एवढी मोडतोड कशाला?

रीळवाला

नमस्कार. पुण्यातील आमच्या लहानशा चित्रपट मंडळात गेल्या महिन्यात दोन चित्रपट दाखवले. पहिला मूळचे मॉरिटानियाचे आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेले दिग्दर्शक मेद होंडो यांचा ‘सोलेई ओ’ (१९७०) आणि दुसरा लंडनच्या ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह या चित्रपटगटाचा ‘हँड्सवर्थ साँग्ज’ (१९८६). सुरुवातीला सव्वीस जण होते, दुसरा चित्रपट संपेपर्यंत अकरा उरले. मंडळाला याची सवय आहे, त्यामुळे तक्रार त्याबद्दल नाही.

अडचण नंतर चहाच्या वेळी आली. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांनी उमेदीच्या काळात छबिलदासचे जिने चढून पुष्कळ प्रायोगिक नाटके पाहिली आहेत आणि ज्यांना दुर्बोधतेचे मुळीच वावडे नाही, त्यांनी शांतपणे विचारले की घरदार सोडून परक्या देशात आलेल्या माणसाचे दुःख इतके उघड असताना ते सांगण्यासाठी कथानक मोडायचे, आवाज आणि चित्र यांची फारकत करायची, जुन्या बातमीपटांचे तुकडे जोडायचे, हे सारे कशासाठी? मेद होंडो यांना जे म्हणायचे आहे ते सरळ गोष्टीत सांगता आले नसते का? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढच्या महिन्यात याच विषयावर दुसरे सत्र घ्यायचे आहे आणि त्याआधी मला हे नीट समजून घ्यायचे आहे.

---

अर्धविराम

आपल्या सभासदांचा प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. सरळ गोष्ट सांगण्याची साधने सर्वांच्या हाती सारखीच होती, असे ते गृहीतक. ती तशी नव्हती.

फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींमध्ये १९३४ पासून एक हुकूम लागू होता, जो तत्कालीन वसाहतमंत्र्यांच्या नावावरून लावाल हुकूम म्हणून ओळखला जातो. त्यानुसार वसाहतीत चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण करायचे तर आधी सरकारी परवानगी घ्यावी लागे. पॅरिसच्या चित्रपटशाळेत शिकलेले पोलाँ सुमानू व्हिएरा आणि त्यांचे सहकारी यांना आफ्रिकेत चित्रीकरण करायचे होते, पण परवानगी मिळाली नाही. तेव्हा त्यांनी १९५५ मध्ये पॅरिसमध्ये राहणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांवरच ‘आफ्रिक स्युर सेन’ हा लघुपट केला. म्हणजे फ्रेंच भाषक आफ्रिकेच्या चित्रपटाची सुरुवातच स्थलांतरिताच्या चित्रपटापासून होते, आणि तीही नाइलाजाने. ज्या गावची गोष्ट सांगायची त्या गावात कॅमेरा लावायची सोय नाही, हातात आहे ते फक्त परके शहर. अशा अवस्थेत ‘गाव, प्रवास, शहर’ असे सरळ कथानक येणार कोठून?

आता होंडो. फ्रान्समध्ये आल्यावर त्यांनी स्वयंपाकी, हमाल अशी मिळतील ती कामे केली, मग नाटकात शिरले आणि परदेशी चित्रपटांना फ्रेंच आवाज देऊ लागले. (पुढे एडी मर्फीचा फ्रेंच आवाज म्हणून तेच प्रसिद्ध झाले. इतरांना आवाज देऊन स्वतःचे चित्रपट करणाऱ्या या माणसाबद्दल कोणीतरी मराठीत सविस्तर लिहायला हवे.) ‘सोलेई ओ’ त्यांनी तुटपुंज्या पैशांत आणि मित्रनटांच्या जोरावर, सवड मिळेल तसा, काही वर्षे रखडत पूर्ण केला. त्यातला एक प्रसंग आठवून पाहावा. नायक आणि एक गोरी तरुणी शाँझेलिझेवरून चालत आहेत. दोघे काही विशेष करत नाहीत. पण येणारेजाणारे वळून पाहतात, काही थांबतात, काहींचे चेहरे आक्रसतात. ते येणारेजाणारे नट नव्हेत, तर त्या दिवशी त्या रस्त्यावर असलेले खरे पॅरिसकर होते. ‘नायकाला लोकांच्या नजरा टोचत होत्या’ हे वाक्य कोणीही लिहील, पण ती नजर स्वतःहून पडद्यावर येऊन बसते तेव्हा कथाचित्रपट आणि माहितीपट यांच्यातली भिंत पडलेलीच असते. ती होंडोंनी हौसेने पाडलेली नाही.

सुरुवातीचा बाप्तिस्म्याचा प्रसंगही असाच आहे. हातात क्रूस घेतलेले आफ्रिकी पुरुष रांगेत चालतात, क्रूस उलटे धरतात, त्यांच्या तलवारी होतात आणि मग ते एकमेकांवरच तुटून पडतात. इतिहासाच्या पुस्तकातली कित्येक पाने या एका हालचालीत मावतात. नाटक मुरलेल्या माणसालाच असे सुचू शकते, हे आपल्या छबिलदासवाल्या सभासदांना नक्की पटेल.

---

टेकडीपलीकडे

मी गेली अकरा वर्षे बर्मिंगहॅममध्ये राहते आणि हँड्सवर्थमधल्या सोहो रोडवर भाजी आणायला जाते, त्यामुळे दुसऱ्या चित्रपटाबद्दल लिहिते.

प्रथम एक दुरुस्ती. ‘हँड्सवर्थ साँग्ज’मध्ये दिसणारे लोक प्रामुख्याने कॅरिबियन आणि आशियाई स्थलांतरित आहेत, म्हणून ‘आफ्रिकी स्थलांतरितांचा चित्रपट’ असे त्याचे वर्णन करताना जपावे. दिग्दर्शक जॉन अकोम्फ्रा मात्र अक्रा येथे जन्मले. १९६६ मध्ये घानात एन्क्रुमा यांची सत्ता उलथवली गेल्यानंतर त्यांच्या आईने देश सोडला आणि ते लहानपणीच ब्रिटनमध्ये आले.

सप्टेंबर १९८५ मध्ये इथे दंगल झाली. दूरचित्रवाणीवर जळती दुकाने, ढाली घेतलेले पोलीस आणि पुढाऱ्यांची वक्तव्ये दिसत राहिली. ज्यांच्याबद्दल हे सारे बोलले जात होते त्यांची वीसतीस वर्षे मात्र कोठेच नव्हती. कलेक्टिव्हने दंगलीचे वार्तांकन आणि १९५०च्या दशकातले बातमीपट शेजारी ठेवले. जहाजातून उतरणारे सुटाबुटातले तरुण, टोप्या सावरणाऱ्या मुली, नाचाचे कार्यक्रम. ही चित्रे त्या लोकांनी काढलेली नाहीत, ती त्यांच्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली आहेत. माझ्या मते खरी मेख इथे आहे. ज्याच्याकडे स्वतःच्या आयुष्याचे चित्रीकरण नाही आणि दुसऱ्याने केलेले चित्रीकरण ढीगभर आहे, त्याने आत्मचरित्र कसे लिहावे? तो दुसऱ्याच्या वहीतली पाने फाडून, त्यांचा क्रम बदलून आणि त्यांवरचा निवेदकाचा आवाज पुसून तिथे आपला आवाज घालून लिहील. म्हणून या चित्रपटात ट्रेव्हर मॅथिसन यांचे ध्वनिकाम चित्राइतकेच महत्त्वाचे आहे. पुन्हा दाखवाल तेव्हा चांगले स्पीकर लावा. लॅपटॉपच्या आवाजावर तो चित्रपट अर्धाच कळतो.

या चित्रपटाला त्या काळीही आपल्या सभासदांसारखाच आक्षेप घेतला गेला होता, आणि तो घेणारे होते मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी. जानेवारी १९८७ मध्ये ‘गार्डियन’मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखाचा रोख असा होता की हँड्सवर्थच्या माणसांच्या स्वतःच्या कहाण्या यात ऐकूच येत नाहीत. संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी त्याच वृत्तपत्रात उत्तर दिले की हा चित्रपट जुनी भाषा झटकून नवी भाषा शोधण्याची धडपड करतो आहे आणि ती धडपड रश्दींना दिसलेली नाही. मी स्वतः बराच काळ रश्दींच्या बाजूची होते. माझ्या शेजारी राहणाऱ्या जमैकन आजींनी घरातल्या भिंतीवरची लग्नाची तसबीर दाखवली तेव्हा मात्र चित्रपटातली ती दृश्ये आठवली, ज्यांत काळोखात टांगलेल्या छायाचित्रांमधून कॅमेरा सावकाश फिरतो. आजींनी तसबिरीबद्दल काहीच सांगितले नाही, फक्त आपण पदराने धूळ पुसावी तशी ॲप्रनच्या टोकाने काच पुसली.

---

मोगरी

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, पण थोडा विरोध नोंदवते. तुटलेली रचना हीच स्थलांतरिताची खरी रचना, असे म्हणू लागलो तर तोही एक साचाच होईल. सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांचा ‘ला न्वार द...’ (१९६६) पाहावा. डाकारची जुआना एका फ्रेंच कुटुंबाबरोबर भूमध्य किनाऱ्यावरच्या आंतीबला येते. मुले सांभाळायला म्हणून आणलेली मुलगी तिथे धुणीभांडी करणारी मोलकरीण होते. ही गोष्ट तासाभरात सांगितली आहे आणि ती सर्वांना कळते.

तरीही त्यात एक तडा आहेच, आणि तो ध्वनीत आहे. जुआना मालकिणीशी जेमतेम दोन शब्द बोलते, पण तिच्या मनातले विचार आपल्याला अस्खलित फ्रेंचमध्ये ऐकू येतात, आणि तो आवाज पडद्यावरच्या अभिनेत्रीचा नसून हैतीच्या गायिका-अभिनेत्री तोतो बिसाँत यांचा आहे. डाकारची मुलगी मनातसुद्धा मालकांच्या भाषेत आणि दुसरीच्या आवाजात बोलते! हे सेम्बेन यांनी ठरवून केले की निर्मितीच्या अडचणीतून झाले, या वादात मी पडत नाही. परिणाम तोच होतो.

---

वेणीफणी

पुढच्या सत्रासाठी एक सुचवणी करते. घानाहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातील अकोसुआ अडोमा ओवुसू यांचा ‘मी ब्रोनी बा’ (२००९) हा सुमारे बावीस मिनिटांचा चित्रपट आधी दाखवावा. घानातील अकान भाषेतल्या या शब्दांचा अर्थ ‘माझे गोरे बाळ’ असा होतो आणि ते लाडाने हाक मारण्यासाठी वापरले जातात, यातच अर्धी गोष्ट आली.

कुमासीतील केशभूषेच्या दुकानांत मुली वेण्या घालायला शिकतात आणि सराव करतात तो पाश्चात्त्य देशांतून टाकून दिलेल्या गोऱ्या बाहुल्यांच्या केसांवर. सोनेरी, सुळसुळीत केसांत काळी बोटे भराभर पेड घालत जातात. त्यावर घानातून अमेरिकेत गेलेल्या एका लहान मुलीची कहाणी ऐकू येते. बोटे आणि कहाणी यांचा संबंध जोडून दाखवणारे एकही वाक्य नाही. ज्यांनी लहानपणी तेल लावून, डोके ओढून घट्ट वेणी घालून घेतली आहे, त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. प्रायोगिक म्हटले की पुरुष सभासद चष्मा पुसू लागतात, हा माझा अनुभव आहे. या चित्रपटाच्या वेळी बायका आधी बोलू लागतील, असे वाटते.

---

रीळवाला

सर्वांचे मनापासून आभार. क्रम ठरला आहे. आधी ‘मी ब्रोनी बा’, मग सेम्बेन, आणि ‘हँड्सवर्थ साँग्ज’ स्पीकरची सोय झाल्यावर स्वतंत्रपणे. मोगरी यांचा मुद्दा मी प्रास्ताविकात त्यांच्या टोपणनावासह मांडणार आहे, हरकत असल्यास कळवावे.

काल त्या ज्येष्ठ सभासदांना हा धागा वाचून दाखवला. शाँझेलिझेच्या प्रसंगाशी त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले की ते सगळा वेळ नायकाकडेच पाहत होते, बाजूच्या लोकांकडे त्यांचे लक्षच गेले नव्हते. तेवढी चार मिनिटे पुन्हा पाहायला ते रविवारी सकाळी घरी येणार आहेत.