मदत हवी आहे: २१४७४८३६४७ च्या विभाजकांत ८ कुठून येतो?

मंडळी, जरा डोकं लावा ना. २१४७४८३६४७ म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ही मूळ संख्या आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये हातानेच दाखवलं (आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलोय). विभाजक ४६३४० पर्यंतच शोधायचे, ते ठीक. मूळ विभाजक असलाच तर त्यातून १ वजा केल्यावर ३१ ने भाग जातो, तो विषम असल्यामुळे ६२ नेही, हे पण फर्माच्या प्रमेयावरून पटलं. पण मग म्हणतात की त्या विभाजकाला २४८ ने (म्हणजे ३१ × ८ ने) भागलं तर बाकी १ किंवा ६३ च उरते, म्हणजे ८ ने भागलं तर १ किंवा ७ च, आणि इथे माझी गाडी अडते.

छोटं करून बघितलं, २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७ = २३ × ८९. ८ ने भागून बाकी ७ आणि १, म्हणजे नियम बरोबर बसतोय. ६४ च्या वर्गाला २०४७ ने भागलं तर बाकी २, मोठ्या संख्येला ६५५३६ घेऊन तेच होतं. पण बाकी २ देणारा वर्ग सापडला म्हणून ८ ने भागल्यावर १ किंवा ७ च का उरावं, ३ किंवा ५ का नाही? कोणी सोप्या भाषेत सांगेल का, नुसतं प्रमेयाचं नाव नको प्लीज