बोटॉक्सनंतर डावी पापणी उतरली आहे, थेंबांबद्दल मदत हवी

भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञांकडे बोटॉक्स घेतलं. पाच ठिकाणी मिळून 20 युनिट, म्हणजे नेहमीचाच डोस. आठ्या छान गेल्या, पण पुढच्या काही दिवसांत डावी पापणी खाली आली. सकाळी जरा बरी असते. संध्याकाळी मात्र बुबुळाचा वरचा भाग पार झाकला जातो, वाचताना मान मागे टाकावी लागते.

एकाचं दोन दिसणं, गिळायला-बोलायला त्रास, हातापायांत अशक्तपणा यातलं काहीच नाही. दोन्ही बाहुल्याही सारख्या आहेत. डॉक्टरांना दाखवून आले. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पसरलंय, त्यावर उतारा नाही, काही आठवड्यांत आपोआप सुधारेल, असं ते म्हणाले. ते पटतंय. त्यामुळे मसाज, शेक वगैरे कृपया सुचवू नका.

पण वाचनात आलं की ॲप्राक्लोनिडिन 0.5 टक्के थेंबांनी पापणीतला दुसरा छोटा स्नायू आकसतो आणि पापणी काही तास 1-2 मिलिमीटर वर राहते. मला तेवढंही पुष्कळ आहे! अडचण अशी की मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि डोळे मुळातच कोरडे असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब टाकणार नाहीच.

ज्यांनी हे थेंब वापरलेत त्यांना विचारायचंय: रक्तदाबाच्या गोळीबरोबर डॉक्टरांनी ते दिले का? पुण्यात चिठ्ठीवर मिळतात का, की त्याऐवजी ब्रिमोनिडिन देतात? आणि यासाठी साध्या नेत्रतज्ज्ञांकडे जावं की पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या ऑक्युलोप्लास्टी तज्ज्ञांकडे?