शब्दचर्चा: परांचीवरच्या 'खोट्या' दर्शनी भागाला मराठीत काय म्हणावं?

खडूफळा
एका लेखाचं भाषांतर करतोय. इमारतीचं काम चालू असताना परांचीवरून भलंमोठं कापड सोडतात आणि त्यावर त्याच इमारतीचा दर्शनी भाग छापलेला असतो. खिडक्या, कमानी, नक्षी, सगळं जागच्या जागी. कधी चित्रकार आणखी पुढे जातो आणि भिंत वितळतेय किंवा भगदाड पडलंय असं दाखवतो. मूळ लेखात या चित्रप्रकाराला 'त्रोंप-लॉय' हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'डोळ्याला फसवणारं'. कोशात 'दृष्टिभ्रम' मिळतो, पण 'परांचीवर दृष्टिभ्रम लावला' हे वाक्य काही उभं राहत नाही. 'नजरबंदी' कसा वाटतो?

कानामात्रा
दृष्टिभ्रम बघणाऱ्याला होतो. तो टांगता येत नाही की गुंडाळून ठेवता येत नाही. तुम्हाला हवंय ते वस्तूचं नाव. नुसत्या चित्राला 'आभासचित्र' चालेल. नजरबंदी ही जादूगाराची, त्याला समोर उभं राहून हातचलाखी करावी लागते. 'धूळफेक' तर नकोच, त्यात सरळ आरोप आहे.

भ्रम हा शब्द मात्र इतक्यात टाकू नका. वेदान्तात भ्रमाचे दोन प्रकार सांगतात. दोरीवर साप दिसला, दिवा आणला, साप गेला. आता त्या दोरीला कोणी घाबरत नाही. हा निरुपाधिक भ्रम. आणि स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक तांबडा दिसतो. तो तांबडा नाही हे पक्कं ठाऊक असलं तरी फूल हलवेपर्यंत तांबडाच दिसतो. हा सोपाधिक. मृगजळ याच जातीचं, आणि तुमचं कापडही. वाऱ्याने ते हललं, शिवण दिसली, कापड आहे हे कळलं. तरी कमानीच्या आतली खोली डोळ्याला दिसायची थांबत नाही. म्हणून फसवणुकीच्या अंगाने जाणारा कुठलाही शब्द मला इथे पटत नाही.

तिरपा डोळा
वा! पण कानामात्रा, एक अट राहिली: कुठून बघता त्यावर सगळं आहे. रोमच्या सांत इन्यात्सियो चर्चमध्ये घुमट बांधलाच गेला नाही. पैसे नव्हते असं एक सांगतात, शेजाऱ्यांचा उजेड अडला असता असंही सांगतात. 1685 मध्ये आंद्रेआ पोत्सो या चित्रकाराने त्या जागी सुमारे 17 मीटर व्यासाच्या सपाट कापडावर घुमट रंगवून दिला. कुठे उभं राहायचं त्याची खूण खाली फरशीतच बसवलेली आहे. खुणेवरून बघितलं तर घुमट थेट वर चढत जातो. चालत पुढे गेलात की तो कलतो, आणखी पुढे गेलात की ओळखूही येत नाही. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही' म्हणतात ना, पोत्सोने जवळजवळ तेही आणून दाखवलं.

यावरून सुचलं: 'सोंग' घ्या की! बहुरूपी पोलिसाचं सोंग घेऊन दारात आला तर तो बहुरूपी आहे हे आपल्याला कळत असतं, तरी क्षणभर आपण दचकतो. सोंग वठलं म्हणून कौतुक करतो, फसवलं म्हणून तक्रार करत नाही. तक्रार करतो ती ढोंगाची.

परांचीवाला
साइटवरचा माणूस म्हणून लिहितो. आमच्यात याला कोणी आभासचित्र म्हणणार नाही. साधी असेल तर 'जाळी', छापलेली असेल तर 'प्रिंटवाली जाळी'. आणि जाळी हा शब्द अगदी बरोबर आहे. ते अखंड कापड नसतं. पॉलिएस्टरच्या धाग्यांवर पीव्हीसीचा लेप दिलेली भोकाभोकांची जाळी असते, म्हणजे वारा आरपार जातो आणि आत काम करणाऱ्यांना उजेड मिळतो. अखंड फ्लेक्स लावला तर परांचीचं शीड होतं. जाळी लावली तरी वाऱ्याचा जोर उघड्या परांचीपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून भिंतीला पकडणारे टाय वाढवावे लागतात आणि हिशेब नव्याने करावा लागतो. हे चित्रकाराला कोणी सांगत नाही, आम्हालाच सांगावं लागतं.

भोकांच्या जागी शाई नसते, त्यामुळे रंग थोडे फिके दिसतात. पण बघणारा रस्त्यापलीकडे असतो, छपाई अगदी बारीक नसली तरी चालते. जवळ जाल तर खिडकीच्या जागी नुसते ठिपके. आणि संध्याकाळी आत दिवे लागले की चित्र विरतं आणि मागचे नळ, फळ्या, बादल्या दिसायला लागतात.

आणखी एक गंमत. चित्रातल्या सज्जाखाली छापलेली सावली एकाच बाजूला पडलेली असते. सकाळी ती खऱ्या उन्हाशी जुळली तर दुपारनंतर शेजारच्या खऱ्या इमारतीची सावली दुसरीकडे आणि हिची आपली तिथेच. म्हणून ढगाळ दिवशी हा प्रकार सगळ्यात चांगला वठतो.

जाता जाता: 'होर्डिंग' या शब्दाचा मूळ अर्थही याच कामातला आहे. ब्रिटिश इंग्रजीत बांधकामाभोवतीच्या तात्पुरत्या फळ्यांच्या कुंपणाला होर्डिंग म्हणतात. त्यावर जाहिराती चिकटवायला लागले आणि शब्द जाहिरातीला चिकटला. मराठीत आला तो फक्त दुसरा अर्थ घेऊन. तेव्हा मूळ लेखात होर्डिंग असेल तर 'जाहिरात फलक' लिहिण्याआधी वाक्य नीट बघा.

खडूफळा
होर्डिंगबद्दल लाख धन्यवाद, तो शब्द लेखात आहेच! लेखात बर्लिनचंही उदाहरण आहे. 1950 साली पाडलेला राजवाडा 1993-94 मध्ये परांचीवर कापड लावून त्याच जागी उभा करून दाखवला. याला तुमचा 'सोंग' लागेल का? झाकायला मागे इमारतच नव्हती.

तिरपा डोळा
लागेल, पण वेगळ्या अर्थाने. एक तर ते कापड छापलेलं नव्हतं, कातरीन फेफ या फ्रेंच चित्रकर्तीच्या चमूने रंगवलेलं होतं. दुसरं म्हणजे ते आडोसा नव्हतं, ती मागणी होती. राजवाडा पुन्हा बांधा म्हणणाऱ्यांनी लोकांना खरा आकार डोळ्यांनी बघू दिला. 2002 मध्ये जर्मन संसदेने बाहेरचं रूप पुन्हा उभं करण्याच्या बाजूने कौल दिला आणि आज तिथे खरीच इमारत आहे. अशा कापडाला 'नमुना' म्हणणं जास्त बरोबर.

पॅरिसमध्ये जॉर्ज पाचवा मार्गावर 39 क्रमांकाच्या इमारतीचं काम चालू असताना 2007 मध्ये पिएर दलावी याने लावलेला दर्शनी भाग तर मेणासारखा वितळलेला होता. तिथे लपवणं हा हेतू नावालाच. लोक मुद्दाम बघायला थांबत. 2021 मध्ये रोमच्या पलात्सो फार्नेझे या जुन्या राजवाड्याच्या परांचीवर जेआर या फ्रेंच कलाकाराने भिंत फाटून आतलं प्रांगण दिसतंय असं चित्र लावलं. म्हणजे कापड इमारत झाकत होतं आणि चित्र ती उघडी करत होतं. याला 'आच्छादन' म्हणालात तर अर्थाचा बट्ट्याबोळ होईल.

कानामात्रा
मान्य. मग हेतू बघून शब्द बदला, एकच शब्द सगळीकडे ठोकू नका. झाकणं हाच मुद्दा असेल तिथे 'चित्रपडदा', डोळ्याला चकवण्यावर भर असेल तिथे 'भासपडदा', चित्रप्रकाराबद्दल सर्वसाधारण बोलताना 'आभासचित्र'. आणि जिथे काम वर्षानुवर्षं रखडलंय आणि चकचकीत कापडाआड नुसतीच गंजलेली परांची उभी आहे, तिथे 'ढोंग' वापरायला माझी ना नाही. 'त्रोंप-लॉय' एकदाच लिहा, पहिल्या उल्लेखात.

परांचीवाला
'पडदा' म्हटलं की बाजूला सरकवता येतो असं वाटतं. हा सरकत नाही, कड्यांमधून दोरी ओवून आवळलेला असतो. पण असू दे, 'चित्रजाळी'पेक्षा बरा.

खडूफळा
मसुद्यात असं केलंय: "परांचीवर इमारतीच्याच दर्शनी भागाचा चित्रपडदा ताणून बसवला होता." वितळत्या भिंतीच्या परिच्छेदात 'भासपडदा'. 'सोंग' वस्तूचं नाव म्हणून बसेना, क्रियापदाच्या जोडीने बसलं: "पुढचे काही महिने कापडाने इमारतीचं सोंग वठवलं." संपादक कात्री लावतील असं वाटतंय, पण पाठवून बघतो.

तिरपा डोळा
कात्री लावली तर कळवा. 'वठवलं'साठी मी भांडायला येईन.